पायात साचलेलं पाणी : नांदेड-लातूरमधल्या हत्तीरोगाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं की आपण राजे, लढाया, सत्याग्रह यांच्याबद्दल बोलतो, पण आपल्या भागातल्या आजारांचा इतिहास का सांगत नाही? प्रश्न मला लागला. म्हणून आज एका सुजेबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. तेव्हा औषध विचारायला माझ्याकडे येऊ नका, पण ही सूज आपल्याकडे कशी आली, तिच्याबद्दल लोकांना काय वाटत होतं, सरकारनं काय केलं आणि काय राहून गेलं, एवढं सांगता येईल.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या आजीची धाकटी बहीण, आम्ही त्यांना माई म्हणायचो, नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायच्या. त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा झाला होता. लहानपणी मला त्यांची एकच बैठक आठवते. लुगड्याचा घोळ पायावर ओढून, भिंतीला टेकून, डावा पाय मागे दुमडून. लग्नाकार्याला त्या यायच्या नाहीत. "मी घर राखते, तुम्ही जाऊन या," असं म्हणायच्या. आम्हाला वाटायचं माईंना घराचा फार जीव आहे.

वर्षातून तीन-चारदा त्यांना हुडहुडी भरून ताप यायचा, जांघेत अवधाण यायचं, पाय लालबुंद व्हायचा. चार-पाच दिवसांनी ताप उतरायचा, पण दर वेळी पाय आधीपेक्षा थोडा जास्तच सुजलेला राहायचा. गावात एकानं पोटरीवर डाग दिले होते. पुढे तालुक्याच्या गावी एका डॉक्टरनं सांगितलं, "पायात पाणी झालंय," आणि लघवी जास्त होण्याची गोळी सुरू केली. माईंनी ती जवळजवळ दोन वर्षं घेतली. लघवीला जाऊन जाऊन बिचाऱ्या थकल्या, चक्कर यायला लागली, पाय मात्र होता तसाच.

आता डॉक्टर खोटं बोलले का? नाही. पायात पाणीच होतं. मग पाणी काढणाऱ्या गोळीनं ते का निघालं नाही? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

अंगावर पाणी धरणं हा माणसाला फार जुन्या काळापासून माहीत असलेला विकार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सुजेवर, म्हणजे श्वयथूवर, एक अध्याय आहे आणि त्याच्या लगेच पुढचा अध्याय उदररोगांचा आहे. पोटात पाणी होतं ते जलोदर, त्यात. त्या रोग्याला पाणी आणि मीठ बंद करून दुधावर ठेवायला सांगितलं आहे. सुश्रुताच्या ग्रंथात तर पोटाला छिद्र पाडून, नळी घालून पाणी काढण्याची कृती आहे. त्यात एक बारकावा मला फार आवडतो. सगळं पाणी एका दिवशी काढू नका, थोडं थोडं काढा, आणि पोट कापडानं घट्ट बांधा, असं तिथं म्हटलं आहे. एकदम काढलं तर रोगी ढासळतो हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं असणार, तेव्हाच लिहिलं गेलं.

युरोपातही हेच कोडं होतं. तिकडे सगळ्या पाणसुजेला एकच नाव होतं, आणि तोच एक रोग असं मानत. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरनं फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं. एका बाईच्या घरगुती काढ्यानं काही लोकांची सूज उतरते हे त्याला कळलं होतं, त्या काढ्यातली नेमकी वनस्पती त्यानं शोधली. त्यातलं द्रव्य हृदयाला बळ देतं हे पुढे समजलं. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइटनं दाखवलं की काही सुजलेल्या रोग्यांची लघवी तापवली तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते, आणि मेल्यावर त्यांची मूत्रपिंडं खराब निघतात. म्हणजे सूज बाहेरून एकच दिसते, पण आतला बिघाड कुणाचा हृदयात असतो, कुणाचा मूत्रपिंडात, कुणाचा यकृतात.

आणि कुणाचा ताटात. भुकेलेला माणूस नुसता वाळतो असं आपण समजतो, पण तो सुजतोसुद्धा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ तरुणांनी स्वखुशीनं महिनोन्महिने अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला, त्यांचेही घोटे सुजले. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगायला प्रयोग लागत नाही.

हे पाणी नेमकं येतं कुठून? १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याचा हिशेब मांडला. आपल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या ठिबकच्या नळीसारख्या झिरपत असतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. दाब वाढला किंवा प्रथिनं घटली की बाहेर जास्त पाणी राहतं. त्यातलं उरलंसुरलं पाणी आणि बाहेर निसटलेली प्रथिनं परत आणायला शरीरात दुसऱ्याच नळ्यांचं एक जाळं आहे, त्याला लसिकावाहिन्या म्हणतात. शेतात पाटानं पाणी येतं आणि जादा झालेलं चरातून निघून जातं ना, तसा हा चर समजा. १६२२ मध्ये इटलीच्या गास्पारे असेल्लीला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात पांढऱ्या रेघा दिसल्या, तेव्हापासून या नळ्यांचा अभ्यास सुरू झाला.

माईंचा बिघाड इथं होता. पाटाला काही झालेलं नव्हतं, चर बुजला होता. गोळीनं मूत्रपिंड जास्त लघवी करतं, रक्तातलं पाणी कमी होतं. पण पायात अडकलेल्या पाण्यात प्रथिनं असतात, ती ज्या वाटेनं परत यायची ती वाटच बंद. गोळी घ्या नाहीतर पाण्याची मोटर लावा, चर उघडत नाही. पुढे पुढे तर तिथं पाणीही राहत नाही, चरबी आणि जाड तंतू वाढतात, कातडी खरखरीत होते. सुरुवातीच्या सुजेवर बोट दाबलं की खळगा पडतो. जुन्या हत्तीपायावर दाबून बघा, बोट आत जात नाही.

एक आडवळण घेतो, कारण गोष्ट गमतीची आहे. ही लघवीची औषधं कशी सापडली? १९१९ मध्ये व्हिएन्नातल्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोग्ल नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं उपदंशाच्या एका रोगी मुलीला पाऱ्याच्या औषधाची सुई दिली, आणि तिला एवढी लघवी झाली की सगळे चक्रावले. त्यातून पाऱ्याची मूत्रल औषधं आली, ती तीसेक वर्षं चालली. १९५० च्या दशकाच्या शेवटी थायाझाइड गटातल्या गोळ्या आल्या आणि त्यांनी पाऱ्याला हटवलं. हृदयाच्या रोग्यांना त्यांनी नवं आयुष्य दिलं यात शंका नाही. पण गोळी चांगली निघाली की ती सगळ्याच सुजेला द्यायची सवय लागते, आणि माईंसारख्यांची दोन वर्षं जातात.

आता मूळ रोगाकडे. संस्कृत वैद्यकात याला श्लीपद म्हणतात. सुश्रुताच्या निदानस्थानात त्याचं वर्णन आहे, माधवनिदानातही आहे. आणि तिथं एक वाक्य असं आहे की ज्या प्रदेशात जुनं, साठलेलं पाणी पुष्कळ असतं आणि जिथं सगळ्या ऋतूंत गारवा असतो, तिथं श्लीपद विशेष करून होतो. डास, जंतू यांचा पत्ता नसताना साठलेल्या पाण्याशी रोगाचं नातं जोडलं गेलं होतं. आपल्याकडे खेड्यात म्हणतातच, "त्याला तिकडचं पाणी लागलं." माईंच्या बाबतीतही घरच्यांचा समज असाच होता, की माहेराहून गोदाकाठच्या गावी आल्यावर तिथलं पाणी लागलं.

पाणी लागलं म्हणजे काय, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आणि ब्राझीलमध्ये रोग्यांच्या द्रवात बारीक कृमी दिसले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरला ते माणसाच्या रक्तात सापडले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्टला मोठा, पूर्ण वाढलेला कृमी मिळाला, सुताच्या धाग्यासारखा. म्हणून त्याच्या नावात आजही बँक्रॉफ्ट आहे. आणि १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यानं आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात हे कृमी होते, डास चावू दिले आणि मग त्या डासांची पोटं फाडून पाहिली. कृमी डासाच्या अंगात वाढत होते. माणसाचा रोग कीटकाच्या शरीरात वाढतो हे पहिल्यांदा दिसलं ते इथं, मलेरियाच्या वीस वर्षं आधी.

मॅन्सनच्या लक्षात आणखी एक विचित्र गोष्ट आली. कृमींची ही पिलं दिवसा रक्तात जवळजवळ दिसत नाहीत. रात्र झाली की बाहेर येतात, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत जास्त. ज्या वेळी डास चावायला निघतो त्याच वेळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, नांदेडच्या गल्ल्यांमध्ये ती पुन्हा येणार आहे.

पण मॅन्सन एका जागी चुकला. त्याला वाटलं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी माणूस पितो, म्हणून रोग होतो. म्हणजे घुमून फिरून साहेबही "पाणी लागलं" इथंच आला. ही चूक १९०० मध्ये दुरुस्त झाली, जेव्हा लंडनमध्ये जॉर्ज लो यानं कृमी डासाच्या सोंडेत पाहिले. रोग पिण्यानं होत नाही, चाव्यानं होतो. मधल्या काळात, २० ऑगस्ट १८९७ ला, मॅन्सनच्याच सल्ल्यानं काम करणाऱ्या रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला होता. सिकंदराबाद म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यातली छावणी, आणि तेव्हा आपलं नांदेडही त्याच राज्यातलं. डासांचं एवढं मोठं ज्ञान आपल्याच राज्याच्या राजधानीशेजारी जन्मलं, पण ते गोदावरीच्या काठापर्यंत यायला पुढची पन्नासेक वर्षं गेली.

औषध सापडलं १९४७ मध्ये. डायइथिलकार्बामझिन, आपल्याकडे सगळे डीईसी म्हणतात. ते अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ते वारले. या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी वाचलं नव्हतं. शेजारच्या तेलुगू मुलखातला माणूस, त्याच्या देखरेखीखाली झालेलं औषध, आणि ते आजही आपल्या आशाताई वाटतात त्याच गोळ्या.

देशाचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यात होतं. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, लातूर शहर उस्मानाबादेत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. आरोग्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हे त्रासाचं होतं, कारण एकाच गावाचे कागद तीन ठिकाणी. पण रोगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. आज राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांची यादी काढली तर पूर्व विदर्भातले जिल्हे दिसतात, सोलापूर, धाराशिव दिसतात, आणि नांदेड-लातूरही दिसतात. नकाशावर पाहिलं तर यातले बरेच तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेला लागून आहेत, आणि सीमेपलीकडेही हाच रोग आहे.

या कार्यक्रमात सर्वांत वेगळं काम होतं रात्रीच्या रक्ततपासणीचं. कृमी रात्री रक्तात येतात ना, मग कर्मचाऱ्यांनीही रात्रीच निघायचं. साडेआठ-नऊनंतर पथक वस्तीत यायचं, हातात बॅटरी, काचपट्ट्यांची पेटी, कापूस, स्पिरिट. घरातल्या सगळ्यांच्या बोटाला सुई. आता तुम्हीच विचार करा, दिवसभर शेतावर किंवा गिरणीत राबून जेवून आडवा झालेला माणूस, त्याला उठवून कुणीतरी म्हणतो बोट द्या. शिव्या खाव्या लागायच्या. कुत्री मागे लागायची. एका निवृत्त कर्मचाऱ्यानं मला सांगितलं की लहान मुलं झोपेतच असायची, आई पांघरुणातून बोट तेवढं बाहेर काढून द्यायची, सकाळी मुलाला काही आठवायचंही नाही. या कामाबद्दल कुणी पुस्तक लिहिलेलं नाही. लिहायला हवं.

आता डास. मलेरियाचा डास तुलनेनं स्वच्छ पाण्याचा, डेंग्यूचा डास घरातल्या रांजण-टाक्यांतल्या साठवलेल्या पाण्याचा. हत्तीरोगाचा क्युलेक्स मात्र घाणेरड्या पाण्यात सुखानं वाढतो. तुंबलेली गटारं, मोरीचं सांडपाणी, उघडी शोषखड्डी, संडासाच्या टाक्या. म्हणून तुम्ही आरोग्य खात्याची सूचना वाचली असेल की संडासाच्या वरच्या हवेच्या पाइपला जाळी बांधा. लोक हसतात त्या सूचनेला. पण त्या पाइपातून रोज संध्याकाळी शेकड्यानं डास बाहेर पडतात. गप्पी मासे सोडा, आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा, हेही आपण ऐकलेलं आहे. गावं शहरं झाली, घराघरात नळ आले, पण वापरलेलं पाणी जायला नाल्या त्या वेगानं झाल्या नाहीत. सुश्रुताचं "साठलेलं जुनं पाणी" आता घराच्या मागच्या बाजूला आलं. पाण्याचा दुष्काळ आणि सांडपाण्याची डबकी एकाच गल्लीत नांदतात हे मराठवाड्यात राहणाऱ्याला नवं नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट करतो, कारण भीती फार असते. एक डास चावला आणि हत्तीपाय झाला असं होत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं असे संसर्गित डास चावत राहावे लागतात. मोठा कृमी लसिकावाहिनीत पाच-सात वर्षं जगतो, वाहिनी ढिली पडते. बऱ्याच लोकांच्या रक्तात कृमी असतात आणि पाय अगदी नीट असतो. हाच तर घोळ आहे.

कारण पुढची सगळी मोहीम या नीट पायाच्या माणसांवर अवलंबून होती. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं हत्तीरोग संपवायचा ठराव केला. भारतात २००४ पासून मोठ्या प्रमाणावर वर्षातून एकदा सगळ्यांना डीईसीची गोळी द्यायला सुरुवात झाली, नंतर जंतांची अल्बेंडाझोल तिच्या जोडीला आली. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांना. मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन गोळ्या, उपाशीपोटी नाही. गोळी मोठ्या कृमींना पूर्ण मारत नाही, पण रक्तातली पिलं साफ करते, त्यामुळे डासाला उचलायला काही राहत नाही. सलग काही वर्षं बहुतेक सगळ्यांनी घेतली तर साखळी तुटते.

कागदावर सोपं आहे. पण आशाताई दारात येऊन म्हणते गोळ्या घ्या, आणि घरचा माणूस म्हणतो, "मला काय झालंय?" त्याला खरंच काही झालेलं नसतं. मग गोळ्या हातात घेतल्या जातात आणि फडताळात जातात. काहींना गोळी घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं. ज्यांच्या अंगात कृमी असतात त्यांना ते मरताना असं होतं, म्हणजे गोळी लागू पडल्याचीच ती खूण. पण ही गोष्ट आधी सांगितली नाही तर गावात दुसऱ्या दिवशी बातमी पसरते की गोळ्या वाईट आहेत, आणि पुढच्या वर्षी दारं बंद. म्हणून नंतर नियम आला की गोळी हातात द्यायची नाही, समोर खाऊ घालायची. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची पद्धत आली, त्यात आयव्हरमेक्टिनची भर पडली. या औषधाच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं होतं. चीन २००७ मध्ये, श्रीलंका २०१६ मध्ये या रोगातून मोकळे झाले. आपल्या देशानं आधी ठेवलेली मुदत उलटून गेली, आता २०२७ चं उद्दिष्ट आहे.

इथंपर्यंतची गोष्ट सरकारी अहवालातही मिळेल. मला ज्यासाठी हे व्याख्यान द्यायचं होतं ते इथून पुढे आहे.

या सगळ्या मोहिमेत माई कुठे आहेत? गोळी पुढचे रोगी थांबवण्यासाठी आहे. ज्याचा पाय आधीच सुजला त्याचा पाय ती उतरवत नाही. माईंच्या रक्तात तर बहुधा कृमी उरलेलेही नव्हते. म्हणजे रात्रीचं पथक आलं असतं तर त्यांचा नमुना स्वच्छ निघाला असता आणि वहीत शून्य लिहिलं गेलं असतं. वर्षानुवर्षं अशा रोग्यांना सांगितलं गेलं, "आता याला काही इलाज नाही." हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, माईंच्या शेजारी बसून.

ते वाक्य चुकीचं होतं. १९९० च्या दशकात ब्राझीलच्या रेसिफे शहरात जेरुझा ड्रेयर या डॉक्टर बाईंनी दाखवलं की ते हुडहुडी भरून येणारे ताप, जे दर वेळी पाय वाढवून जातात, बहुतांशी कृमींमुळे येतच नाहीत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडीला भेग पडते, तिथून साधे जिवाणू आत शिरतात. चर बुजलेला असल्यामुळे तिथं त्यांना कुणी अडवत नाही. मग उपाय काय? रोज पाय धुवायचा. साध्या पाण्यानं, साध्या साबणानं, न घासता, बोटांच्या मधून मधून, आणि मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडा करायचा. चिखल्या असतील तर मलम. रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच. बसल्या बसल्या घोटा हलवायचा. अनवाणी फिरायचं नाही. ताप आला तर व्यायाम बंद, पाय गार पाण्यात, आणि लगेच डॉक्टर. एवढंच. पाय पूर्वीसारखा होत नाही, पण ताप थांबतात, वास जातो, सूज काहीशी उतरते, माणूस कामाला जाऊ शकतो. केरळात कासरगोडच्या संस्थेत याला आयुर्वेद आणि योगाची जोड देऊन काम चालतं. पुरुषांच्या अंडवृद्धीला तर साधी शस्त्रक्रिया आहे, पण लाजेपायी लोक वर्षानुवर्षं धोतरात लपवून ठेवतात.

आता आपल्याकडे रोग्यांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण टबात घालायला पाणी लागतं. एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. घागरीसाठी रात्र जागणाऱ्या घरात "रोज पाय धुवा" हे सांगणं कसं वाटत असेल? त्या वर्षी वर्तमानपत्रांनी रेल्वेचे फोटो छापले, उसावर वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. हत्तीपायाच्या बायकांबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. घरात पाणी कमी असलं की आधी स्वयंपाक, मग मुलं, मग जनावरं, आणि सगळ्यात शेवटी म्हातारीचा पाय.

माईंना हे धुण्याचं कळलं तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंनी घरी येऊन, खाली बसून, स्वतःच्या हातानं त्यांचा पाय धुऊन दाखवला. आधी माई तयारच नव्हत्या. "तुम्ही कशाला हात लावता, बाई?" म्हणून पाय मागे ओढत होत्या. त्या नर्सबाईंनी बोटांच्या मधला मळ काढला तेव्हा माई रडल्या, असं माझी आई सांगते. पुढे शेवटपर्यंत त्या रोज दुपारी मोरीच्या कडेला बसून पाय धुवायच्या, तासभर. त्यानंतर ताप दोनदाच आला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्या आल्या, पहिल्या पंगतीला बसल्या.

वेळ संपत आलीय, पण एक चिठ्ठी आलेली आहे, ती वाचतो. "माझ्या आईचे दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात. हा हत्तीरोग असेल का?"

लेखी निदान मी करणार नाही, आणि फोनवर विचारून कुणीही करू नये. पण आज जे पाहिलं त्यावरून एवढं सांगतो. हत्तीरोगाची सूज बहुधा एका पायाला जास्त असते आणि रात्री झोपून उठल्यावरही फारशी जात नाही. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, सकाळी उतरत असतील, दाबल्यावर खळगा पडत असेल, तर कारण दुसरं असू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी घोटे सुजतात. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि आपल्याकडे गुडघे दुखले की त्याच गोळ्या मुठीनं खाल्ल्या जातात. रक्त कमी असतं. दिवसाला साधारण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे छोटा चमचाभर, त्यात लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या सगळं आलं. पाणी पिणं मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. धाप लागत असेल, उताणं झोपवत नसेल, चेहरा सुजत असेल, लघवी कमी होत असेल, तर उद्याच रक्त, लघवी आणि हृदय तपासून घ्या. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर उद्यापर्यंतही थांबू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना आई ज्या ज्या गोळ्या घेतात त्या सगळ्या एका पिशवीत घालून न्या, शेजारणीनं दिलेलीसुद्धा.